भेकराचे पाडस की पिसोरी?

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-दाजीपूर परिसरात रात्री गाडीच्या उजेडात एखादे बुटके, ठिपकेदार जनावर रस्ता ओलांडून गेले की त्याला कोणी भेकराचे पाडस म्हणते, तर कोणी पिसोरी. हा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण भेकराच्या अंगावर मोठेपणी ठिपके नसले तरी पाडसाच्या अंगावर ते असतात.

पिसोरी पूर्ण वाढली तरी साधारण तीन किलोंची, म्हणजे सशाहून फार मोठी होत नाही. तिच्या गळ्यावर पांढरे पट्टे आणि कुशीवर फिकट ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात. शिंगे नर-मादी दोघांनाही नसतात. शास्त्रीयदृष्ट्या ती हरणांच्या कुळात मोडतच नाही, कारण तिचे जठर तीन कप्प्यांचे, तर हरणांचे चार कप्प्यांचे असते. भेकर मात्र खरे हरीण आहे. वजन वीस किलोंच्या आसपास, नराला केसाळ खुंटांवर आखूड शिंगे, आणि धोक्याची चाहूल लागताच कुत्र्यासारखे भुंकणे. (सुळ्यांवरून ओळखू पाहणाऱ्याची फसगत होते, कारण सुळे दोन्हींच्या नरांना असतात.)

दोघांवरची संकटेही एकसारखी नाहीत. भेकर जंगलाच्या कडेला, कोवळ्या पाल्यासाठी शेताच्या बांधापर्यंत येते, त्यामुळे मोकाट कुत्री, फासे आणि वाहने हेच त्याचे मुख्य वैरी ठरतात. पिसोरी जंगलाच्या ओलसर तळाशी, झुडपांच्या आडोशाला आणि झाडांच्या ढोलीत दिवस काढते व रात्री गळून पडलेली फळे शोधते. वणव्यात पालापाचोळा व झुडपे जळाली की तिचा आडोसाच जातो, वर झाडांचे शेंडे हिरवे दिसत असले तरी. राधानगरी अभयारण्याच्या सुमारे 351 चौरस किलोमीटरमध्ये निदान कायद्याचे कुंपण आहे. आजरा, चंदगडकडील मालकीच्या रानात मात्र काजूसाठी तळ साफ झाला तर भेकर कडेकडेने तगून राहू शकते, पिसोरीला तेवढी लवचीकता नाही. शाहूवाडी, राधानगरीकडील सड्यांवर (डोंगरमाथ्यावरील खडकाळ पठारांवर) झालेल्या बॉक्साइटच्या खाणींचाही विचार करताना केवळ उघडा सडा न पाहता, त्याच्या उतारावरील दाट जंगलातून जाणारे रस्तेही मोजले पाहिजेत.

धोक्यातील प्रजातींच्या जागतिक यादीत (आययूसीएन) दोन्ही जाती ‘कमीत कमी चिंते’च्या गटात असल्या, तरी त्या नोंदीवरून एखाद्या तालुक्यातल्या रानाची स्थिती कळत नाही. भेकराची मादी पाडसाला झुडपात दडवून चरायला जाते. त्यामुळे एकटे दिसलेले पिल्लू कोणाचेही असो, ते न उचलता दुरूनच पाहावे आणि ते जखमी असल्यास वनविभागाला कळवावे.