ताण मोजायच्या पट्ट्या आणि बायकांचा दिवस

माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात हान्स सेल्ये गायीच्या अंडाशयाचा अर्क उंदरांना टोचत होते. एखादं नवं स्त्री-संप्रेरक हाती लागेल, ही त्यांची आशा. संप्रेरक काही सापडलं नाही. पण अर्क कुठलाही टोचला, अगदी फॉर्मलिन टोचलं, तरी उंदरांच्या शरीरात तीच तीन लक्षणं दिसू लागली : मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचं छोटंसं पत्र छापून आलं आणि ताणाचं आधुनिक संशोधन सुरू झालं. अंडाशयापासून निघालेल्या या शास्त्राने पुढची पन्नासेक वर्षं बायकांकडे जवळपास पाहिलंच नाही. नर्सिंग आणि वर्तनविज्ञानात ताण, लिंगभाव आणि आरोग्य हा विषय एकत्र का अभ्यासला जातो, हे कळायला आधी ही पन्नास वर्षं समजून घ्यावी लागतात.

हृदयविकार आणि 'टाइप ए', म्हणजे सतत घाईच्या, चुरशीच्या स्वभावाचा संबंध ज्या मोठ्या अमेरिकी अभ्यासातून पुढे आला, त्यात ३,१५४ माणसं होती आणि ते सगळे पुरुष. पुढे जोखमीचे घटक कमी करून पाहणाऱ्या 'मिस्टर फिट' प्रयोगात १२,८६६ जण होते. तेही सगळे पुरुषच. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायची सूचना काढली. त्यामागे गर्भाच्या सुरक्षेची खरी काळजी होती. ताणाच्या प्रयोगशाळांत मात्र कारण वेगळं असे : पाळीमुळे आकडे हलतात, मग पुरुषच घ्या. १९९५ पूर्वीच्या ताणविषयक शारीरिक प्रयोगांत स्त्रियांचं प्रमाण साधारण १७ टक्के होतं. आकडे हलतात म्हणजे तिथे काहीतरी घडतं आहे, हे सरळ अनुमान फार उशिरा काढलं गेलं.

प्रश्नावल्यांची गत याहून वेगळी नव्हती. १९६७ मध्ये सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि ३९४ लोकांकडून प्रत्येक घटनेला वजन ठरवून घेतलं. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, गरोदरपण ४०, नाताळ १२. वर्षभरातल्या गुणांची बेरीज जितकी जास्त, तितकी आजारपणाची शक्यता जास्त, असा हिशेब. या यादीत २६ गुणांची एक ओळ आहे : बायकोने नोकरी धरणं किंवा सोडणं. हे एक वाक्य वाचलं की पट्टी कोणाला समोर ठेवून आखली ते कळतं. प्रश्न नवऱ्याला विचारला आहे. नोकरी धरणारीला स्वतःला किती गुण द्यायचे, ते यादीत नाही. गर्भपात नाही, बलात्कार नाही, मारहाण नाही. शिवाय पद्धतीतच एक खोट आहे : ती फक्त 'घटना' मोजते. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं रोजचं करणं ही घटना नाही; ते दहा वर्षं चालतं आणि त्याचे गुण शून्य पडतात.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावचा हृदयविकार अभ्यास याला अपवाद होता. १९४८ पासून त्यात स्त्रिया होत्या, निम्म्याहून अधिक. त्याच आकड्यांवरून सुझान हेन्स आणि मॅनिंग फाइनलीब यांनी १९८० मध्ये नोकरी आणि हृदयविकाराचा प्रश्न तपासला. बायका नोकरी करू लागल्या की पुरुषांसारखे झटके येणार, अशी तेव्हा बोलवा होती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात नोकरदार स्त्रियांतलं हृदयविकाराचं प्रमाण एकंदरीत घरी राहणाऱ्यांपेक्षा लक्षणीय वाढलेलं नव्हतं. वाढ होती ती कारकुनी काम करणाऱ्यांत : १०.६ टक्के, तर गृहिणींत ५.४ टक्के. त्या कारकुनांतही भर कोणावर, तर राग गिळणाऱ्यांवर, वरिष्ठ साथ न देणाऱ्यांवर. नोकरी हा दोष नव्हता. काम भरपूर आणि अधिकार काही नाही, हा होता. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं मागणी आणि नियंत्रणाचं प्रारूप नेमकं हेच सांगत होतं.

घर आणि कचेरी यांचा हिशेब एकत्र मांडला तो स्टॉकहोमच्या मारियाने फ्रँकेनहॉयझर यांनी. त्यांचं साधन साधं : लघवीची बाटली. मूत्राशय रिकामं करायचं, वेळ लिहायची, ठरलेल्या तासांनी पुन्हा नमुना द्यायचा, त्यात आम्ल घालून थंड ठेवायचं आणि अॅड्रेनलिन, नॉरअॅड्रेनलिन ही ताणात वाढणारी संप्रेरकं मोजायची. अशा नमुन्याला टोचणं लागत नाही, म्हणून तो कामावर आणि घरीही घेता येतो. प्रयोगशाळेत गणितं सोडवताना स्त्रियांचं अॅड्रेनलिन पुरुषांइतकं चढत नसे आणि 'बायकांची प्रतिक्रियाच कमी' असा निष्कर्ष निघे. मग तीन वर्षांच्या मुलाला घेऊन रुग्णालयात जाणारे आई-वडील तपासले, तर आईचं अॅड्रेनलिन मागे नव्हतं. प्रसंग कोणाच्या काळजाला भिडणारा आहे, यावर आकडा ठरत होता.

१९८९ मध्ये व्होल्वो कंपनीतल्या स्त्री-पुरुष व्यवस्थापकांचा अभ्यास छापून आला. कामाच्या वेळात दोघे सारखेच. संध्याकाळी पाचनंतर पुरुषांचं नॉरअॅड्रेनलिन उतरू लागे, स्त्रियांचं आणखी चढे. घरी पोचल्यावर त्यांची कामाची दुसरी शिफ्ट सुरू होत होती. इथे एक सावधगिरी हवी : नॉरअॅड्रेनलिन उभं राहिल्याने, वावरल्यानेही वाढतं आणि चहा-कॉफी, सिगारेटनेही हे आकडे बदलतात. म्हणून नमुन्यासोबत मधल्या तासांची नोंदवही भरून घेतली नाही, तर कष्ट आणि ताण यांत फरक करता येत नाही.

नर्सिंगकडे संशोधकांचं लक्ष या आधीच गेलं होतं. लंडनच्या एका प्रशिक्षण रुग्णालयाबद्दल इझाबेल मेन्झीस यांनी १९६० मध्ये लिहिलं : कामाचे इतके बारीक तुकडे केलेले, की रुग्ण नावाने न राहता 'दहा नंबरच्या खाटेवरचं यकृत' होई. मृत्यू आणि वेदना रोज पाहण्याची भीती अंगावर येऊ नये म्हणून संस्थेनेच ही भिंत उभारलेली. पण तिच्यामुळे कामातलं समाधानही जाई आणि विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत. १९८१ मध्ये ग्रे-टॉफ्ट आणि अँडरसन यांची नर्सेससाठी ३४ प्रश्नांची पट्टी आली : मृत्यूचा सामना, डॉक्टरांशी खटके, कामाचा बोजा, आधाराचा अभाव वगैरे सात भाग. ती आजही वापरली जाते. मात्र भेदभाव हा स्वतंत्र भाग २००० साली आलेल्या विस्तारित आवृत्तीत आला, हे विसरू नये. जगभरात दहातल्या नऊ नर्स स्त्रिया असताना हा उशीर खटकतो.

आणखी एक दुवा. १९७६ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीत १,२१,७०० नर्सेस सामील झाल्या. त्यातल्या ५४,४१२ जणींच्या माहितीवरून २००३ मध्ये दिसलं, की आजारी नवऱ्याची आठवड्याला नऊ किंवा जास्त तास शुश्रूषा करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका जवळपास १.८ पट होता. ड्युटीवरही शुश्रूषा आणि घरीही तीच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नर्सिंग संशोधनाला १९८६ मध्ये स्वतःचं केंद्र मिळालं. १९८९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलमध्ये नॅन्सी फ्यूगेट वुड्स यांच्या पुढाकाराने स्त्री-आरोग्य संशोधनाचं केंद्र उभं राहिलं. म्हणजे ४३ घटनांची यादी जिथे झाली, त्याच विद्यापीठात. १९९० पासून त्यांनी मध्यमवयीन स्त्रियांना वर्षानुवर्षं रोजनिशी लिहायला दिली आणि त्यासोबत सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने घेतले. पाळी जाण्याच्या उत्तरार्धात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, हे त्यातून दिसलं. पण बाईला स्वतःला जाणवणाऱ्या ताणाचा संबंध पाळीच्या टप्प्याशी जुळला नाही. जुळला तो जबाबदाऱ्यांचा भार, अपुरी कमाई, आधार नसणं यांच्याशी. 'या वयात असं व्हायचंच' म्हणून तक्रार उडवून लावणाऱ्यांना हे उत्तर आहे. १९९३ च्या कायद्याने अमेरिकेत सरकारी निधीच्या वैद्यकीय चाचण्यांत स्त्रियांचा समावेश बंधनकारक केला.

तंत्राचीही चूक याच काळात उघडी पडली. जर्मनीतल्या ट्रियर शहरात १९९३ मध्ये ठरलेली, प्रयोगशाळेत ताण आणायची कसोटी अशी : दहा मिनिटं तयारी, मग परीक्षकांसमोर पाच मिनिटं भाषण, पाच मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जाणं, चुकलं की पुन्हा १०२२. क्लेमेन्स किर्शबाउम यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं, की पाळीच्या उत्तरार्धातल्या स्त्रियांचं लाळेतलं कॉर्टिसोल पुरुषांइतकंच चढतं. पूर्वार्धात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत कमी चढतं. गोळ्यांमुळे कॉर्टिसोलला धरून ठेवणारं प्रथिन रक्तात वाढतं आणि लाळेत फक्त मोकळं कॉर्टिसोल उतरतं. म्हणून पाळीची तारीख आणि गोळ्या यांची नोंद नसलेला अभ्यास वाचताना थांबावं. सकाळच्या लाळेच्या नमुन्यांतही जाग आल्या क्षणी, मग ३० आणि ४५ मिनिटांनी, मध्ये दात घासणं नाही, चहा नाही, हे पाळावं लागतं. उठल्याबरोबर गॅसकडे धावणारीचा पहिला नमुना दहा मिनिटं उशिरा जातो आणि चढ असूनही आलेखात सपाटी दिसते.

शेली टेलर यांनी २००० मध्ये 'लढा किंवा पळा' याच्या जोडीला 'जपा आणि जोडा' ही प्रतिक्रिया मांडली : ताणात मुलांना जपणं आणि आधारासाठी माणसं जोडणं. ती पुढे पुरुषांतही आढळली, त्यामुळे तिला बायकांचा स्वभाव म्हणून वापरू नये.

आपल्याकडे या प्रश्नाने वेगळंच वळण घेतलं. १९८९ मध्ये राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होता आणि आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना बाळंतपणानंतरच्या नैराश्यात नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं यांचा वाटा दिसला; नंतर २,४९४ स्त्रियांच्या अभ्यासात पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी जास्त जुळला. एक अभ्यास दुसऱ्याला खोडत नाही. तक्रार आली की तपासणीही हवी आणि 'घरी कसं आहे?' हा प्रश्नही.

तो प्रश्न मराठीत कसा विचारायचा, इथे काम अडतं. कोहेन यांच्या दहा प्रश्नांच्या ताणपट्टीत (१९८३ ची मूळ आवृत्ती १४ प्रश्नांची) प्रत्येकाला ० ते ४ गुण. चौथा, पाचवा, सातवा, आठवा उलटे मोजायचे. ते विसरलं तर बेरीज निरर्थक. 'महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असं किती वेळा वाटलं?' असं शब्दशः विचारलं, तर 'आपल्या हातात काय असतं, बाई!' असं उत्तर येतं. ते बोलण्याची रीत म्हणून आलेलं असतं, त्याला चार गुण देता येत नाहीत. 'ताण' म्हटलं तर कित्येकींना दोरीचा ताण आठवतो. 'टेन्शन', 'जीवाला घोर', 'डोक्याला ताप' हे शब्द लगेच पोचतात. भाषांतर मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट इंग्रजीत करून घ्यावं, मग आठ-दहा जणींना प्रश्न वाचून दाखवून 'तुम्हाला काय समजलं?' एवढंच विचारावं. आणि मुलाखत सासूबाई दाराशी बसलेल्या असताना घेऊ नये. त्या उठेपर्यंत वय, शिक्षण, मुलं किती हे भरत राहावं.