अपघात झालेल्यांनाच तपासून धोका कसा मोजतात?

एखाद्या अभ्यासात केवळ रुग्णच तपासले, निरोगी माणसांचा गट घेतलाच नाही, असे कळले की विज्ञानाची आवड असलेला वाचकसुद्धा तो अभ्यास कच्चा ठरवून मोकळा होतो. एरवी ही शंका रास्तच असते. पण साथरोगशास्त्रात अशीही एक पद्धत आहे, जिच्यात प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच, मात्र वेगळ्या वेळी, केली जाते. माल्कम मॅक्लुअर यांनी १९९१ मध्ये ती ‘केस-क्रॉसओव्हर’ या नावाने मांडली.

तिचे माझे आवडते उदाहरण कॅनडातील टोरांटोचे आहे. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोबाइल फोन असलेले आणि गाडीची धडक झालेले ६९९ चालक होते. त्यांच्या फोनच्या बिलांवरून धडकेआधीच्या १० मिनिटांची तुलना आदल्या दिवशीच्या त्याच वेळेशी करण्यात आली. धडकेआधी १७० जणांनी फोन वापरला होता, आदल्या दिवशी त्या वेळी ३७ जणांनी, आणि १३ जण दोन्हींत मोडत होते.

येथे १७० ला ३७ ने भागण्याचा मोह टाळावा. दोन्ही वेळा फोन वापरणारे आणि एकदाही न वापरणारे मिळून ५१८ जण फोनविषयी काहीच सांगू शकत नाहीत, कारण त्यांच्या दोन कालखंडांत फोनपुरता फरकच नाही. उरतात १८१. फोन निरुपद्रवी असता, तर धडक फोनच्या वेळी झाली की फोन नसलेल्या वेळी, हा छापा-काट्याचा प्रश्न ठरून ते साधारण निम्मे-निम्मे विभागले गेले असते; प्रत्यक्षात विभागणी १५७ आणि २४ अशी झाली, म्हणजे भागाकार सुमारे ६.५. हाच सापेक्ष धोका, म्हणजे फोनमुळे धोका किती पट होतो तो आकडा, का? समजा, एखाद्या चालकाचा मूळ धोका ‘म’ आहे आणि फोनमुळे तो ‘र’ पट होतो; मग त्याच्या दोन कालखंडांतील धोक्यांचे गुणोत्तर ‘म × र’ भागिले ‘म’ एवढे होते आणि ‘म’ कटून जातो. चालक नवशिका असो वा तापट, त्याचा स्वभाव न मोजताच हिशेबातून बाजूला होतो. तुलनेसाठी अनेक दिवस घेतल्यास हेच गणित सशर्त लॉजिस्टिक समाश्रयण (कंडिशनल लॉजिस्टिक रिग्रेशन) या संख्याशास्त्रीय पद्धतीने करतात. तेथे अंशात घटनेच्या कालखंडातील धोका आणि छेदात त्या व्यक्तीच्या सर्व कालखंडांतील धोक्यांची बेरीज येते, आणि ‘म’ पुन्हा दोन्हीकडून जातो.

गाडीला दोन्ही दिवशी टांगलेली लिंबू-मिरचीही याच न्यायाने कटते, त्यामुळे तिच्या बाजूने वा विरुद्ध साक्ष देण्यास ही पद्धत असमर्थ आहे. तिला येणारी-जाणारी कारणेच दिसतात.

मात्र ६.५ हा आकडा फुगलेला होता, कारण आदल्या दिवशी त्या वेळी काही जण गाडी चालवतच नव्हते. ही दुरुस्ती केल्यावर तो ४.३ वर आला. हात मोकळे ठेवणाऱ्या फोनसाठी ५.९ आणि हातात धरायच्या फोनसाठी ३.९ असे आकडे निघाले. त्यांतील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नसल्याने पहिला प्रकार अधिक घातक म्हणता येत नाही, पण त्याच्या सुरक्षिततेच्या जाहिरातबाजीलाही येथे आधार सापडला नाही.

लशींसाठी पॅडी फॅरिंग्टन यांनी १९९५ मध्ये याच्या जवळची पद्धत मांडली, जिच्यात लशीनंतरच्या ठरावीक दिवसांतील घटनांचा दर त्याच मुलाच्या इतर दिवसांच्या दराशी ताडला जातो. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एमएमआर लशीमुळे ऑटिझम होतो, या अफवेची १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या ४९८ मुलांच्या नोंदींवर अशीच तपासणी झाली आणि संबंधाचा पुरावा मिळाला नाही. या पद्धतीतली अडचण निराळी आहे: मुलाला नुकतीच आकडी आली असेल तर डॉक्टर लस पुढे ढकलतात, त्यामुळे लशीपूर्वीचे दिवस वाजवीपेक्षा निरोगी भासतात आणि लशीनंतरचा धोका उगाच मोठा दिसतो. म्हणून लशीच्या लगेच आधीचे काही दिवस तुलनेतून वेगळे काढावे लागतात.