पुंस्तनवृद्धी, पौगंडावस्थेतील

मुलगा वयात येत असताना त्याच्या स्तनाग्राखालील ग्रंथी-ऊतकाची होणारी सौम्य वाढ. ही वाढ एका किंवा दोन्ही बाजूंना होते. वैद्यकात रूढ असलेली ‘गायनेकोमॅस्टिया’ ही संज्ञा स्त्री व स्तन या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून आली आहे. ती सामान्यतः ग्रीक वैद्य गेलेन (इ. स. दुसरे शतक) याच्या नावे सांगितली जाते. मात्र त्याने ती चरबीच्या वाढीसाठी योजली असे मानतात. आज त्याच स्थितीला ‘आभासी’ पुंस्तनवृद्धी म्हणून वेगळे काढतात, म्हणजे संज्ञेचा अर्थ जवळजवळ उलटला आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही, कारण उपचाराची दिशा त्यावरच ठरते. खऱ्या वृद्धीत स्तनाग्राखाली थाळीसारखी घट्ट, बहुधा दुखरी गाठ हाताला लागते; आभासी वृद्धीत मऊ चरबीच असते व वजन उतरल्यास ती कमी होऊ शकते.

सुमारे निम्म्या मुलांत ही वाढ कधी ना कधी दिसते असे साधारणपणे मानतात, पण निकषांनुसार आकडे फार बदलतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी प्रमाण सर्वाधिक असते. इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) व टेस्टोस्टेरोन (पुरुष-संप्रेरक) यांचे परस्पर प्रमाण तात्पुरते बिघडणे हे सर्वमान्य कारण होय. बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत ती आपोआप ओसरते. म्हणून कारण समजावून सांगणे, धीर देणे व काही महिन्यांनी पुन्हा तपासणे हाच पहिला उपचार.

तत्पूर्वी वृषणांची तपासणी व औषधांची चौकशी आवश्यक असते. क्लाइनफेल्टर संलक्षण (मुलात एक जादा X गुणसूत्र असणे), वृषणाचे अर्बुद (गाठ), अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा अतिस्राव, तसेच स्पायरोनोलॅक्टोन, रिस्पेरिडोन ही औषधे किंवा स्नायू वाढवण्यासाठी घेतलेली स्टेरॉइडे यांमुळेही स्तन वाढतात. अशा वेळी मूळ कारण दूर करणे महत्त्वाचे ठरते. वाढ यौवनारंभापूर्वीच दिसली किंवा झपाट्याने होत असली, तर तपास लांबवू नये.

औषधांबाबत मतभेद आहेत. इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेन व रॅलॉक्सिफेन ही औषधे काही महिने देतात. लहान अभ्यासांत गाठ व वेदना कमी झाल्याचे आढळले; परंतु जी वाढ गोळी न देताही ओसरली असती तिचे श्रेय गोळीला किती द्यावे, हा प्रश्न तुलनागट नसलेल्या अभ्यासांतून सुटत नाही. याउलट अ‍ॅनास्ट्रोझोल हे औषध इस्ट्रोजेनची निर्मितीच रोखते, म्हणून तर्काने ते अधिक सरस ठरायला हवे होते; पण 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निष्प्रभ (औषध नसलेल्या) गोळीशी तुलना करणाऱ्या चाचणीत त्याचा लक्षणीय लाभ दिसला नाही. त्यामुळे औषधे अलीकडच्या, दुखऱ्या वाढीपुरती राखून ठेवणे अधिक ग्राह्य वाटते. वर्षभराहून जुनी गाठ तंतुमय होते आणि औषधांना सहसा दाद देत नाही.

शस्त्रक्रिया जुनी आहे. ग्रीक वैद्य ईजायनाचा पॉल (इ. स. सातवे शतक) याने स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घेण्याची रीत वर्णिली आहे. शल्यचिकित्सक वेब्स्टर यांनी 1946 मध्ये वर्णन केलेला स्तनमंडलाच्या (स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या) कडेचा अर्धवर्तुळाकार छेद आजही प्रचलित आहे. व्रण त्या कडेत लपतो. चरबी अधिक असल्यास मेदशोषणाची (नळीने चरबी शोषून काढण्याची) जोड देतात, पण केवळ त्याने घट्ट ग्रंथी पुरती निघत नाही. सायमन व सहकाऱ्यांचे 1973 चे वर्गीकरण आकार व जादा त्वचा यांवर आधारलेले आहे. त्वचा काढावी लागेल का, हे ठरवताना ते उपयोगी पडते. वाढ दीर्घकाळ टिकली किंवा मानसिक त्रास मोठा असला, तर शस्त्रक्रिया विचारात घेतात; ती शक्यतो यौवन पूर्ण होत आल्यावर करतात, कारण आधी केल्यास वाढ पुन्हा होऊ शकते. रक्त साकळणे, स्तनाग्राची बधिरता हे संभाव्य उपद्रव होत. ग्रंथी प्रमाणाबाहेर कापली गेल्यास स्तनाग्र बशीसारखे खोलगट होते. म्हणून त्याखाली ऊतकाचा पातळ थर मुद्दाम राखतात.