अवजल, उधाण आणि चिपळूणची निळी रेषा

चिपळूणच्या पुराचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, कोयना धरणाचं पाणी सोडलं होतं का? २००५ ला तेच आणि २२ जुलै २०२१ ला पण तेच. मी बाजारपेठेत वाढलोय. आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर वडिलांनी २००५ च्या पाण्याची खूण खिळ्याने कोरून ठेवली होती, २०२१ चं पाणी तिच्यावर हातभर चढलं आणि रात्री पोटमाळ्यावर टाकलेले कापडाचे गठ्ठेसुद्धा खालून भिजले. त्यामुळे हा प्रश्न मी खूप वेळा ऐकलाय, स्वतः विचारलाय पण. उत्तर मात्र एका शब्दापाशी येऊन अडतं, अवजल.

आधी गाव कुठे बसलंय ते बघू. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, कुंभार्ली घाट चढला की पाटण, कराड. उत्तरेला परशुरामाचा डोंगर, दक्षिणेला कामथ्याचा चढ, आणि मध्ये हा खोलगट भाग, त्यात वाशिष्ठी आणि गावाच्या अंगणातून आल्यासारखी येणारी शिवनदी. डोंगरांनी वेढलेलं म्हणून लोकांना वाटतं गाव उंचावर असेल, पण बाजारपेठ समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर आहे. समुद्र लांब, पार दाभोळ-अंजनवेलला, तरी भरतीचं पाणी खाडीतून थेट गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत येतं. आणि ह्याच भरतीमुळे इथे बाजार वसला. भरतीवर गलबतं वर यायची, माल उतरायचा, बैलांवरून नाहीतर गाड्यांनी घाट चढायचा, मीठ वर जायचं, देशावरचं धान्य नि गूळ खाली यायचा. गोवळकोटचा किल्ला बघितला की कळतं कशाची राखण चालली होती, तीन बाजूंनी नदी आणि समोर खाडीची वाट. शिलाहार, आदिलशाही, शिवकाल, जंजिऱ्याचा सिद्दी, पेशवाई हे सगळं आपण शाळेत शिकलोय, त्यात जात नाही. पूर तेव्हाही यायचाच, जुन्या घरांची जोती उगाच कंबरेएवढी उंच नाहीत.

आता कोयना. पूर्वेला वाहणाऱ्या नदीवर धरण बांधायचं, पाणी डोंगरातल्या बोगद्यातून पश्चिमेला आणायचं आणि साडेचारशे मीटरच्या वर उंचीवरून पोफळीच्या जनित्रांवर सोडायचं, ही मूळ कल्पना. साठच्या दशकात ती प्रत्यक्षात आली, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सगळ्यांना माहीत आहे, मग सत्तरच्या दशकात पोफळीचं पाणी अडवणारं कोळकेवाडीचं धरण झालं, १९९९ मध्ये तलावाला खालून भोक पाडून चौथा टप्पा सुरू झाला. आज एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. वीज तयार करून झाली की ते पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं, त्याला म्हणतात अवजल.

ह्या शब्दानेच अर्धा गोंधळ केलाय असं माझं मत आहे. ऐकायला सांडपाण्यासारखं वाटतं, पण पाणी स्वच्छ असतं, फक्त जनित्र फिरवून आलेलं. दुसरी गोष्ट म्हणजे लोक अवजल आणि धरणाचा विसर्ग एकच धरतात. टीव्हीवर 'कोयनेचे दरवाजे उघडले' अशी पट्टी फिरली की आमच्याकडे फोनवर फोन सुरू होतात, पण ते दरवाजे उघडतात पूर्वेला, ते पाणी कोयना नदीतून कराडला कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीला जातं. चिपळूणला त्यातला थेंब येत नाही. चिपळूणला येतं ते बोगद्यातलं, म्हणजे वीज चालू असेल तेवढंच, आणि कोळकेवाडीच्या स्वतःच्या पाणलोटात पडलेलं.

किती येतं? पश्चिमेला वळवायची वर्षाची मर्यादा ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. अख्ख्या वर्षावर भागलं तर सेकंदाला साधारण २,१०० घनफूट पडतं, म्हणजे पुराच्या मानाने काहीच नाही. पण कोयनेची वीज मागणी वाढेल त्या तासांना बनवली जाते, आणि सगळी मशिनं एकदम फिरली तर हाच आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. वर्षाची सरासरी दाखवून 'फरक पडत नाही' म्हणणं मला म्हणूनच पटत नाही, आणि 'कोयनेनेच बुडवलं' हेही पूर्ण पटत नाही, कारण घाटमाथ्याच्या अलीकडच्या उतारावर एका रात्रीत पडणारा पाऊस एवढा असतो की नदी त्यानेच भरते. २१ जुलैच्या रात्री तसंच झालं, वरून पाऊस, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर म्हणून खालून उधाण, त्यामुळे नदीला उतारच मिळेना. जलसंपदा खात्याचं म्हणणं अवजलाचा वाटा किरकोळ, लोकांचं म्हणणं रात्री पाणी अचानक चढलं. अशा वेळी भरतीचे तास बघून मशिनं बंद ठेवा ही मागणी मला अगदी रास्त वाटते, वीज दुसरीकडून आणता येते.

एक मात्र मान्य करायला हवं, ह्याच अवजलामुळे वाशिष्ठी मे महिन्यात वाहती असते, लोट्याच्या कारखान्यांना आणि गावांना पाणी मिळतं. हे पाणी मुंबईकडे न्यायचे बेत निघाले की इथे पहिल्यांदा विरोध होतो तो त्यामुळेच.

२०२१ च्या पुराने महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल तोडला, १८६४ पासूनच्या वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं गेली, २००५ लाही गेली होती. आणि नंतर आली ती पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत नवीन बांधकाम बंद. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची, दोन्हींच्या मधे अटी घालून परवानगी. कागदावर बरोबर आहे, पण चिपळूणच्या नकाशावर रेषा ओढल्या तर जवळजवळ सगळी बाजारपेठ निळ्यात गेली. म्हणजे पडकं घर परत बांधायचं तरी प्रश्न, बँकेचं कर्ज काढायचं तरी प्रश्न. भोगाळ्यातल्या एका काकांनी मला नकाशावर बोट ठेवून विचारलं, "मी जन्मलो ती खोली पण निषिद्धच का रे?"

लोकांचा मुद्दा सरळ होता, नदी गाळाने उथळ झालीय, पात्रात बेटं तयार झालीत, आधी गाळ काढा, मग परत मोजणी करून रेषा मारा. भरलेल्या नदीवरून मारलेली रेषा नदीची चूक लोकांच्या सातबाऱ्यावर टाकते, असं मला वाटतं. डिसेंबर २०२१ मध्ये ह्यासाठी साखळी उपोषण झालं, दुकानं सांभाळून माणसं पाळी लावून बसत होती, बायका डबे घेऊन यायच्या. त्यानंतर वाशिष्ठीत आणि शिवनदीत पोकलेन उतरले. सरकारी यंत्रणेवरचा विश्वास त्याआधीच हललेला होता, २ जुलै २०१९ च्या रात्री ह्याच तालुक्यातलं तिवरे धरण फुटून वीसहून जास्त माणसं गेली होती.

गाळ निघाला खरा, पण तो टाकायचा कुठे हे आधी ठरलं नव्हतं. बरीच माती काठावरच रचली गेली, काही भरावाला गेली, आणि वर सह्याद्रीच्या उतारावर झाडं तुटतायत, डोंगर कापले जातायत तोवर नवी माती दर पावसात खाली येतेच. गेल्या पावसाआधी मी नाईक पुलावरून बघितलं तर काठावरच्या ढिगावर गुडघ्याएवढं गवत उगवलेलं आणि ढिगाची नदीकडची कड ढासळून परत पात्रात उतरलेली.