जन्मदाखला: आता पहिल्या २१ दिवसांतच उरकायचं काम

आपल्या आधीच्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसं गावोगाव सापडतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लावली आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळं निभावलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांचं तसं निभावणार नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती त्या दिवशी लागू झाली. या मुलांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी आणि पासपोर्टसाठी जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागेल. त्याआधी जन्मलेल्यांची जुनी कागदपत्रं चालतात, त्यांनी घाबरून रांगा लावू नयेत.

नोंद जन्म झाला त्या ठिकाणीच होते, राहत्या पत्त्यावर नाही. बाळंतपण माहेरी झालं, तर दाखला तिकडच्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून घ्यायचा. दवाखान्यात जन्म झाला असेल तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला असेल तर कुटुंबप्रमुखाची. आईवडिलांचं आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा.

खरी चूक होते ती डिस्चार्जच्या गडबडीत. फॉर्म भरायला असतो मामा नाहीतर आजोबा. सवयीने आईचं माहेरचं नाव लिहिलं जातं, आधारवर मात्र सासरचं असतं. सही करण्याआधी आईने स्वतः तो फॉर्म वाचावा, आधार समोर धरून, एकेक अक्षर. नंतरच्या दुरुस्तीला पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे आणि पुन्हा तिकडच्याच कार्यालयाच्या खेपा.

२१ दिवसांत कळवलं तर नोंद मोफत होते आणि नोंदीनंतर ७ दिवसांत दाखला मिळायला हवा, तोही मोफत. तो मागून घ्या, तुमचा हक्क आहे. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क पडतं. त्यापुढे वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं, की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश. रोजंदारीवरच्या माणसासाठी यातली प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी.

बारसं व्हायचंय म्हणून थांबू नका. नावाशिवायही नोंद होते. नाव पुढे १२ महिन्यांत मोफत घालता येतं, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून.