मनोविकारतज्ज्ञांचे कार्यसमाधान : नागपूर

मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आपल्या कामातून मिळणारे समाधान आणि ते काम ज्या परिस्थितीत करावे लागते ती परिस्थिती, असा हा विषय आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडले, की माणसाला कामात समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि नाराज करणाऱ्या वेगळ्या. नाराजीचे कारण दूर केले म्हणून समाधान आपोआप येत नाही. नागपुरात ही मांडणी चपखल बसते. बरा होऊन कामाला लागलेला रुग्ण डॉक्टरचा महिना सार्थकी लावतो, पण त्याने ओपीडीची रांग आखूड होत नाही.

शहरातील सर्वांत जुनी संस्था म्हणजे १८६४ मध्ये सुरू झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय. तेथे ९४० खाटा असून कारभार सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे. बाहेरच्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौकच म्हणतात. आत नोकरी करणाऱ्याला पत्ता सांगताना तेच नाव घ्यावे लागते. मेडिकल आणि मेयो या शासकीय महाविद्यालयांतील मनोविकृतिशास्त्र विभाग वैद्यकीय शिक्षण खात्याचे. तेथे रुग्णसेवेच्या जोडीला शिकवणे आणि शोधनिबंध आले, आणि रात्रपाळीचा भार मुख्यतः निवासी डॉक्टरांवर. शहराबाहेरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात एम्स आहे. खासगी दवाखाने धंतोली-रामदासपेठेत दाटीने आहेत. तिथे वेळ आपल्या हातात असते, पण आपण आत जाताना कोणी पाहू नये, ही रुग्णाची काळजीही डॉक्टरलाच सांभाळावी लागते.

रुग्णसंख्येचे एक कारण भूगोलात आहे. नागपूर ही जुन्या मध्य प्रांताची राजधानी, त्यामुळे विदर्भाबरोबरच आता मध्य प्रदेशात असलेल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडची माणसेही उपचारांसाठी इकडेच येतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्यात नव्हता) मध्य प्रदेशात लाख लोकसंख्येमागे अवघे ०.०५ मनोविकारतज्ज्ञ आढळले. केरळात ते १.२ होते. लांबून येणाऱ्या रुग्णाचे साधे कामही मग अडते. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध चालू असलेल्याचे रक्त, त्यातले औषधाचे प्रमाण मोजण्यासाठी, शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी घ्यावे लागते. रात्री नऊला गोळी घेऊन पहाटेच्या एसटीला बसलेला माणूस सकाळी नऊला प्रयोगशाळेच्या दारात असेलच असे नाही. उशिरा पोचला, तर एकतर आकडा फसवा येतो, नाहीतर डॉक्टर अंदाजाने डोस ठरवतो. अशा अंदाजांचा शीण पगाराने भरून निघत नाही.

मनोरुग्णालयातील वेगळी खंत बऱ्या झालेल्या रुग्णांची आहे. औषध लागू पडते, माणूस स्थिरावतो, आणि घरच्यांनी दिलेला पत्ता खोटा निघतो. समाजसेवा अधीक्षक गावोगाव चौकशा करतात. कधी भाऊ सापडतो, पण तो न्यायला तयार नसतो. उपचार यशस्वी होऊनही खाट रिकामी होत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णांना हक्क दिले आणि ते द्यायलाच हवे होते. भूल न देता विद्युत् उपचार (शॉक) करण्यास आता बंदी आहे, म्हणजे भूलतज्ज्ञ मिळेपर्यंत थांबणे आले. संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णाला दाखल केल्यास रुग्णांच्या हक्कांवर देखरेख करणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, महिला किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत कळवावे लागते. ही लिखापढी करायला वेगळा माणूस क्वचितच असतो. त्यात दिव्यांग प्रमाणपत्रे आणि कोर्टाच्या तारखा. तपासण्यातला वेळ कागदांत जातो, ही तक्रार रास्तच म्हटली पाहिजे.

रुग्णाची आत्महत्या हा या व्यवसायातला सर्वांत खोल घाव. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भात तो प्रसंग कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी ओपीडी मात्र नेहमीच्या वेळेलाच उघडते. सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याची रीत काही विभागांत आहे, एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला तीही सोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात कामाच्या अशा ताणातून येणारा थकवा, कामाविषयीचा कडवटपणा आणि घटलेली कार्यक्षमता यांना आजार न मानता व्यवसायाशी निगडित स्थिती मानले आहे. त्यामुळे उपाय शोधायचा तो कामाच्या रचनेत. डॉक्टरला योगवर्गाला पाठवून भागत नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर पहिले बोलणे फोनवर होऊ शकते. निदान, औषध आणि भरती यांसाठी मात्र माणूस शेवटी याच डॉक्टरांपुढे येऊन बसतो.