क्रिकेट समालोचनातील स्त्री-तज्ज्ञांचे अल्प प्रमाण

क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात खेळाचे विश्लेषण करणाऱ्या तज्ज्ञांमध्ये स्त्रिया मोजक्याच असण्याची स्थिती. पडद्यावर स्त्रिया दिसत नाहीत असे नाही. पण त्यांच्या वाट्याला बहुधा निवेदन येते. प्रश्न निवेदिकेने विचारायचा, निवाडा माजी खेळाडूने द्यायचा. २००३च्या विश्वचषकात मंदिरा बेदी यांच्या कार्यक्रमामुळे ही विभागणी घराघरांत पोहोचली. चर्चा मात्र त्यांच्या प्रश्नांपेक्षा ब्लाउजचीच जास्त झाली.

कर्नल सी. के. नायडू यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी इंदूरमध्ये १९७०च्या दशकातच समालोचन केले होते; भारतातील पहिल्या स्त्री-समालोचक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पण त्यांच्यामागून रांग लागली नाही. बीबीसी रेडिओवर १९५७पासून चालू असलेल्या ‘टेस्ट मॅच स्पेशल’मध्येही पहिली स्त्री-समालोचक, बार्बाडोसच्या वकील डॉना सिमन्ड्स, यायला १९९८ उजाडले. आयपीएलच्या समालोचकांत २०१५ साली अंजुम चोप्रा, ईसा गुहा, मेलनी जोन्स आणि लिसा स्थळेकर या चौघी आल्या. पुण्यात जन्मलेल्या स्थळेकर या एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी अशी दुहेरी कामगिरी करणाऱ्या पहिल्या महिला क्रिकेटपटू.

‘पुरुषांचे क्रिकेट खेळलेलाच त्यावर बोलू शकतो’ हा नेहमीचा आक्षेप. हा निकष सर्वांना सारखा लावला जात नाही. हर्षा भोगले आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेले नाहीत आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही. शिवाय पुरुष समालोचक महिलांच्या सामन्यांवर निःसंकोच बोलतात. उलट दिशेची वाट अरुंद आहे.

भारतात याचे एक मूळ प्रक्षेपणाच्या इतिहासात आहे. महिला क्रिकेट २००६मध्ये बीसीसीआयच्या छत्राखाली आले. त्याआधीचे सामने दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसत, त्यामुळे डायना एडल्जी, शांता रंगास्वामी यांच्या पिढीचा खेळच बहुतेकांनी पाहिला नव्हता. वाहिन्या तर ओळखीच्या चेहऱ्यांनाच माइक देतात.

दुसरी तक्रार आवाजाची, आणि ती क्रिकेटपुरती नाही. २०१८च्या फुटबॉल विश्वचषकात विकी स्पार्क्स यांनी पोर्तुगाल-मोरोक्को सामन्याचे बीबीसीवर समालोचन केले. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर पुरुषांच्या विश्वचषकाचे थेट समालोचन करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नव्वद मिनिटे चढा आवाज ऐकवत नाही, असे एक माजी फुटबॉलपटू त्यावर म्हणाला. नंतर त्याने माफी मागितली.